काठापासून पाच काठ्या

दादाने ३२ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्या ३२ वर्षांत त्याच्या उजव्या हाताची बोटं कायम पांढरी असायची. निवृत्तीनंतर तो पहिल्यांदाच माझ्याकडे इंग्लंडला आला, तेव्हा काय काय दाखवायचं याची यादी मी आधीच करून ठेवली होती. त्याने ती वाचली, घडी घालून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "हे सगळं बघू सावकाश. मला आधी खडूचा डोंगर बघायचाय. चालत."

खडूचा डोंगर म्हणजे ससेक्सच्या किनाऱ्यावरचे सेव्हन सिस्टर्सचे, म्हणजे 'सात बहिणीं'चे, पांढरे कडे. सीफर्डहून निघायचं, समुद्र उजव्या हाताला ठेवत पूर्वेकडे चालायचं आणि ईस्टबर्नला उतरायचं. वाट सुमारे २२ किलोमीटरची. सगळ्यात उंच जागा बीची हेड, समुद्रापासून १६२ मीटर. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हा आकडा ऐकून काही वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. पण ही वाट एकदाच चढून एकदाच उतरत नाही. दिवसभर चढायचं, चढलेलं सगळं उतरायचं आणि पुन्हा चढायचं, असं ते चालतं.

आम्ही जूनमधला एक दिवस निवडला. पाऊस नाही, वारा बेताचा, आभाळ निळं. जूनमध्ये इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करायचं कारण नव्हतं. माणशी दोन लिटर पाणी, टोप्या, लांब बाह्यांचे शर्ट, दादाची चालायची काठी आणि मिठासाखरेच्या दोन पुड्या. त्या पुड्या मी शेवटच्या क्षणी, आईच्या सवयीने सॅकमध्ये टाकल्या. पुढे त्यांनीच दिवस वाचवला, म्हणून मुद्दाम सांगते.

लंडनहून गाडीने लुइस, तिथे गाडी बदलून सीफर्ड. पावणेनऊला आम्ही समुद्रावर होतो. सीफर्डचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. लाट मागे सरताना त्या हजारो गोट्या एकमेकांवर घासून खळाळतात, आणि तो आवाज कितीतरी वेळ मागून येत राहतो. किनारा संपतो तिथून गवताळ चढ सुरू होतो. हेच सीफर्ड हेड. चढ चांगला दमवणारा आहे, पण सकाळचा गारवा असल्यामुळे जाणवला नाही. कड्याच्या कपारींत किटिवेक पक्ष्यांची वसाहत आहे आणि त्यांचा गलका वरपर्यंत ऐकू येतो. वर मोकळ्या माळावर मात्र चंडोल. गवतातून उठतो, सरळ वर वर जातो, दिसेनासा होतो आणि गाणं तेवढं चालू राहतं. दादा दोनदा थांबून आभाळात शोधत राहिला. सापडला नाही.

वर पोचल्यावर मी केलं ते सगळेच करतात. काठाकडे गेले. काठ अगदी साधा दिसतो. गवत चालत चालत येतं आणि संपतं. कठडा नाही, तार नाही. पायाखाली मऊ, मेंढ्यांनी कुरतडलेलं गवत, समोर निळं पाणी. भीती वाटावी असं त्यात काहीही नाही. दादाने हाक मारली म्हणून मी मागे आले. तो रागावला नाही. म्हणाला, "पुढच्या उंचवट्यावर चल, मग तू कुठे उभी होतीस ते दाखवतो."

दहा मिनिटांनी त्याने मला मागे वळून बघायला लावलं. मी उभी होते तिथे गवताचा एक पातळ ओठ पुढे आला होता आणि त्याच्याखाली कडा आत गेलेला होता, जणू कुणी खालून चमच्याने खरवडून काढलाय. जवळजवळ हातभर गवत नुसतं हवेत होतं. वरून हे कधीच दिसत नाही. उभं राहणाऱ्याला आपली जागा भक्कम वाटते, ती कशावर आहे हे फक्त लांबच्या माणसाला दिसतं. मला बसायला लागलं. तेव्हाच आमचा दिवसभराचा नियम ठरला: काठापासून दादाची काठी पाच वेळा मोजून जेवढं अंतर भरेल, त्याच्या पुढे जायचं नाही. जिथे थांबायचं, जिथे फोटो काढायचा, तिथे आधी काठी आडवी टाकून मोजायचं. पहिल्या दोन-तीन वेळा मला हे जरा जास्तच वाटलं. दुपारपर्यंत वाटेनासं झालं.

होप गॅपपाशी कडा उतरून समुद्राच्या जवळ येतो. तिथे दादाने सॅकमधून एक छापील कागद काढला. घरून निघतानाच बरोबर आणलेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास होता, आणि त्यातल्या दोन जागांपैकी एक हीच, होप गॅप. दुसरी बीची हेड. कडा मागे सरला की त्याच्या पायथ्याशी कातळाचा सपाट ओटा उघडा पडतो. त्या ओट्यातल्या चकमकीच्या दगडांवर अवकाशातून येणारे किरण पडत राहतात आणि त्यांत बेरिलियम-१० नावाचं द्रव्य कणाकणाने तयार होतं. दगड जितका जास्त काळ उघडा, तितकं ते जास्त. ते मोजलं की कडा कुठल्या काळात कुठे होता हे कळतं. त्या हिशेबाप्रमाणे हजारो वर्षं हा कडा वर्षाला २ ते ६ सेंटिमीटर मागे सरत होता. गेल्या दीडशे वर्षांत तो वेग २२ ते ३२ सेंटिमीटर झाला आहे. कड्याच्या पायाशी असलेला गोट्यांचा थर पातळ झाला, लाटा थेट खडूवर आदळायला लागल्या, हे त्यामागचं एक मोठं कारण.

"वीत," दादा म्हणाला, आणि हाताचा पंजा ताणून गवतावर ठेवला. "एका वर्षात एक वीत, किंवा थोडं जास्तच." मग तो उठला. कागद पुन्हा उघडायची गरज पडली नाही. दिवसभर ती वीत माझ्या डोळ्यांपुढे होती.

होप गॅपच्या पुढच्या उतारावरून सेव्हन सिस्टर्स एकदम समोर येतात. खाली कुकमेअर नदीचं मुख, अलीकडच्या काठावर तटरक्षकांची जुनी घरं आणि पलीकडे एकामागून एक उठणाऱ्या पांढऱ्या लाटा. हे चित्र मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. तरीही ऊन असताना तो पांढरा रंग डोळ्यांना सहन होत नाही इतका प्रखर असतो, हे चित्रात कळत नाही. दादाने टोपी पुढे ओढली आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मीही नाही. मग म्हणाला, "पांढरा का राहिलाय सांग." मी म्हटलं, खडू आहे म्हणून. "खडू आहे म्हणून पांढरा आहे. पांढरा *राहिलाय* तो पडतो म्हणून. पडणं थांबलं तर काही वर्षांत गवत चढेल, मळेल, हिरवट-करडा होईल. दर वेळी एक थर जातो आणि आतला नवा, कोरा बाहेर येतो."

इथे बरेच जण एक चूक करतात. नदीचं मुख समोर अगदी अरुंद दिसतं. पलीकडची माणसं ओळखू येतील इतकं. उतरून पाण्यातून जाऊ असं मनात येतंच. जाऊ नये. भरती-ओहोटीचं पाणी जोरात ओढतं, तळ भरवशाचा नाही. आतल्या बाजूला दोनेक किलोमीटर चालून एक्सीटच्या पुलावरून नदी ओलांडायची आणि दुसऱ्या काठाने पुन्हा समुद्राकडे यायचं. चारेक किलोमीटरची ही वळसेवाट काही लोकांना जिवावर येते. आम्हाला ती लाभली. सपाट, शांत, पाणपक्ष्यांनी भरलेली दरी आहे ती. आणि नदीची वळणं! दादाने आयुष्यभर फळ्यावर नागमोडी नदी काढली: बाहेरच्या वळणावर झीज, आतल्या वळणावर भर, शेवटी वळण तुटून नालाकृती सरोवर. इथे ती सगळी आकृती गवतात मांडून ठेवलेली होती. फक्त एक फरक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात माणसांनी नदीला सरळ कालवा काढून दिला, त्यामुळे प्रवाह आता त्या सरळ पाटातून जातो आणि जुनी वळणं संथ पाण्याची होऊन राहिली आहेत. दादाला ते थोडं लागलं. "वळणं आहेत, पण काम करत नाहीत," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

एक्सीटला बाटल्या भरून घेतल्या. ही गोष्ट चुकवू नये. पुढे बर्लिंग गॅपपर्यंत पाणी नाही, आणि सावलीही नाही. एक झाड नाही. खडूच्या त्या टेकड्यांवर मातीचा थर इतका पातळ आहे, आणि मेंढ्या आणि वारा यांनी तो असा राखला आहे, की घोट्याच्या वर काही वाढत नाही. घोट्याखाली मात्र केवढं काय काय आहे. पिवळी, जांभळी, गुलाबी, नखाएवढी फुलं. रानटी थाइमवर पाय पडला की वास येतो. त्या गवतात पाय ठेवताना अपराधी वाटत होतं.

मग बहिणी सुरू झाल्या.

पहिली हेवन ब्राउ. ७७ मीटर, सगळ्यांत उंच, आणि चढही सगळ्यांत उभा. तिच्या माथ्यावर पोचलं की आता झालं असं वाटतं, आणि लगेच वाट तितकीच तीव्र उतरते. खाली पोचलो की समोर शॉर्ट ब्राउ. मग रफ ब्राउ. मग ब्रास पॉइंट. प्रत्येक दोन माथ्यांच्या मधल्या खोलगट भागालाही नाव आहे. आम्ही मोजत चाललो होतो आणि आमचे सात काही जुळेनात, आठ होत होते. फ्लॅगस्टाफ पॉइंटच्या पुढे एक बुटका माथा आहे, फ्लॅट हिल. तो धरला की आठ होतात. बहिणी सात म्हणताना त्या धाकटीला बहुतेक धरत नाहीत. मला ते बरोबर वाटलं नाही. चढताना तीही दम काढतेच.

हे चढ-उतार असे का, हे मला तिथेच, तिसऱ्या खोलगट भागात बसून समजलं. त्या दऱ्या उघडच पाण्याने कोरलेल्या दिसतात, पण पाण्याचा थेंब नाही, ओढ्याचा मागमूस नाही. खडू सच्छिद्र. पडलेलं पाणी सगळं आत शोषून घेतो, वर वाहू देत नाही. मग कोरलं कुणी? दादाने काठीने गवतावर आडवा छेद काढून दाखवला. हिमयुगात इथली जमीन खोलवर गोठलेली होती. छिद्रांतलं पाणीच गोठल्यामुळे उन्हाळ्यात वितळलेलं बर्फाचं पाणी आत मुरू शकलं नाही, ते वरून वाहिलं आणि त्याने दऱ्या खोदल्या. हिमयुग सरलं, जमीन सुटी झाली, पाणी पुन्हा आत जाऊ लागलं, दऱ्या कोरड्या राहिल्या. नंतर समुद्र सरकत आला आणि त्याने त्या सगळ्या दऱ्या-टेकड्या आडव्या कापल्या. पाव कापल्यावर आतलं दिसतं तसा तो काप म्हणजे हा कडा. आपण त्या कापाच्या वरच्या कडेवरून चालतो, म्हणून वर-खाली, वर-खाली. हे कळल्यावर चढ कमी झाले नाहीत, पण पुढच्या दरीत उतरताना मला पायाखाली ते वितळलेलं पाणी वाहताना दिसत होतं.

ब्रास पॉइंटच्या चढावर दादाच्या पोटरीत गोळा आला.

दुपारचा एक-दीड झाला होता. समुद्रावरून छान वारा येत होता, आणि खरी गडबड त्या वाऱ्यामुळेच होते. घाम येतो आणि तिथल्या तिथे वाळतो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. तहान लागल्यासारखी वाटत नाही. ऊन वरून येतं, उघड्या खडूच्या वाटेवरून परत उसळून खालूनही येतं. दादाने एक्सीटला भरलेली बाटली जवळजवळ तशीच होती. त्याने पाय धरला आणि मटकन बसला. चेहरा लाल, ओठ कोरडे. "काही नाही, होईल," म्हणाला, पण आवाज नेहमीचा नव्हता. मी घाबरले. तो ६१ वर्षांचा, पुढे-मागे सावली नाही, गाडीरस्ता कितीतरी लांब.

मी त्याला वाऱ्याकडे पाठ करून बसवलं, माझा शर्ट सॅक आणि काठीवर ताणून डोक्यावर सावली केली, टोपी ओली केली. पोटरी चोळली, पायाचा चवडा त्याच्याकडे वळवून धरला. मिठासाखरेची पुडी बाटलीत कालवली आणि घोट घोट करून पाजली. एकदम प्यायला दिलं नाही. पाऊण तास आम्ही तसेच बसलो. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, एका जोडप्याने त्यांची छत्री देऊ केली. हळूहळू त्याचा रंग परत आला. पहिलं धड वाक्य बोलला ते असं: "अगं, तुझा उजवा कान बघ." खरंच भाजला होता. पश्चिमेकडून पूर्वेकडे चालताना दिवसभर सूर्य उजव्या अंगालाच राहतो. मी चेहऱ्याला मलम लावलं होतं, कान राहिला. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला, तहान असो वा नसो, घड्याळ लावून पाणी, असं ठरवलं. ते आधीच ठरवायला हवं होतं.

बसलो होतो तेव्हाच तो आवाज आला. आधी टाळी वाजावी तसा कोरडा, मग ट्रकमधून खडी ओतल्यासारखा लांबट. पुढच्या माथ्याच्या पलीकडे, खाली कुठेतरी. आम्हाला दरड पडताना दिसली नाही. काही वेळाने समुद्रात पांढरा डाग पसरताना तेवढा दिसला. दूध सांडल्यासारखा. लाटा तो हळूहळू पूर्वेकडे ओढत नेत होत्या. आजूबाजूचे सगळे गप्प झाले. काठाजवळ बसून डबा खाणारी तीन-चार मुलं उठली आणि न सांगता मागे सरकली.

दादा त्या डागाकडे बघत म्हणाला, "परत चालला." मला अर्थ कळायला क्षण लागला. हा सगळा खडू समुद्रातूनच आलेला. साडेआठ कोटी वर्षांच्या आसपास इथे उबदार, स्वच्छ समुद्र होता. त्यात एकपेशीय शैवालं तरंगत, त्यांच्या अंगावर चुन्याच्या बारीक तबकड्या असत, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या. मेल्यावर त्या तळाशी बसत. हजार वर्षांत जेमतेम एखाद-दोन सेंटिमीटर थर. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; म्हणजे तो लाव्हा वाहिला तेव्हा हा पांढरा दगड आधीच कोटी-दोन कोटी वर्षांचा जुना होता. हे मला माहीत नव्हतं. काळा तो म्हातारा आणि पांढरा तो कोवळा, असं मी उगीचच धरून चालले होते.

राहिलेल्या बहिणी आम्ही फार सावकाश केल्या. बर्लिंग गॅपला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

बर्लिंग गॅपला रस्ता येतो, खायला-प्यायला मिळतं, आणि कड्यावरून खाली उतरायला लोखंडी जिना आहे. त्याच्या शेजारी घरांची एक रांग आहे, समुद्राच्या दिशेने अर्धवट तुटलेली. एकोणिसाव्या शतकात तटरक्षकांसाठी ही घरं बांधली तेव्हा ती काठापासून चांगली लांब होती. रांगेतली समुद्राकडची घरं एकेक करून पाडावी लागली. २०१३-१४ च्या हिवाळ्यातल्या वादळांनी कड्याचा मोठा लचका तोडला, त्यानंतरही एक गेलं. आता शेवटच्या घराची बाजूची भिंत म्हणजे मधली भिंत आहे, हे तिच्याकडे बघूनच कळतं. त्या घरात राहणाऱ्यांना रात्री भरतीचा आवाज कसा वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

ओहोटी होती. भरतीचं वेळापत्रक मी सकाळी बघून ठेवलं होतं, म्हणून आम्ही जिन्याने खाली गेलो, कड्यापासून दूर, पाण्याच्या बाजूला. खालून पाहिलं की पांढऱ्यात काळ्या चकमकीचे आडवे पट्टे दिसतात, वहीतल्या ओळींसारखे सरळ, लांबवर. पायाखाली तीच चकमक, गोल झालेली. दादाने एक मोठा, काळा, सपाट दगड निवडला. शेजारीच पडलेला खडूचा तुकडा उचलला, बोटांत फिरवला, वजन बघितलं. "शाळेतला जिप्समचा असायचा बहुतेक," म्हणाला. "हातात खराखुरा खडू आज पहिल्यांदा आला." मग खाली बसून त्याने दगडाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात वार लिहिला, त्याखाली दिनांक. रोज सकाळी फळ्यावर लिहायचा तसा, तेच वळण, खाली तीच बारीक रेघ. अक्षर सुरेख उमटलं. तिथून दगड, खडू काही न्यायचं नसतं, त्याला न्यायचंही नव्हतं. दगड पाण्याकडे तोंड करून ठेवला आणि आम्ही वर आलो. जिन्यावरून मी एकदा वळून पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

बर्लिंग गॅपहून बस मिळते. त्याचा पाय पाहून मी म्हटलं, दादा, इथे थांबू. तो म्हणाला, "दिवा बघितल्याशिवाय नाही." मी त्याचा पाय पुन्हा तपासला, पाणी भरलं, आणि पुढे निघालो.

समोरच्या टेकडीवर बेल टूट आहे. १८३४ मध्ये सुरू झालेलं ग्रॅनाइटचं दीपगृह. कड्याच्या माथ्यावर बांधलं, ही चूक ठरली. धुकं आलं की दिवा ढगात जायचा. १९०२ मध्ये तो बंद झाला. पुढे लोक त्यात राहू लागले आणि कडा जवळ येत राहिला. शेवटी १९९९ च्या मार्चमध्ये ८५० टनांची ती अख्खी इमारत खालून उचलून, तुळयांवरून सरकवत १७ मीटर मागे नेली. पाया असा केला आहे की पुन्हा गरज पडली तर पुन्हा सरकवता येईल. दादा तिथे जितका वेळ उभा राहिला, तितका कुठेच राहिला नव्हता. पुढे त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडची किनारी वाट २००९ च्या कायद्याने आखली जाते आणि त्यात तरतूद आहे की कडा ढासळला तर वाटही त्याच्याबरोबर आत सरकू शकते, प्रत्येक वेळी नव्याने सगळी प्रक्रिया न करता. आम्ही चालत होतो त्या वाटेच्या समुद्राकडच्या बाजूला जुन्या वाटेचा पांढरा माग दिसत होता. काठापर्यंत जाऊन तो तुटला होता.

बीची हेडचा चढ लांब आहे, तीव्र नाही. ऊन आता पाठीमागून येत होतं. नावाचा किनाऱ्याशी संबंध नाही. जुन्या फ्रेंचमधल्या 'सुंदर भूशिर' अशा अर्थाच्या शब्दांवरून ते आलं. माथ्याजवळ काठाशी लहान लाकडी क्रॉस आणि सुकलेली फुलं दिसतात. इथे येऊन जीव दिलेल्यांची आठवण. मदतीचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेल्या पाट्याही आहेत, आणि गस्त घालणारे स्वयंसेवक. आम्ही तिथून न बोलता गेलो.

बीची हेडचं दीपगृह मात्र वरून दिसतं, पाच काठ्यांचा नियम पाळूनही, एका वळणावरून. १६२ मीटरच्या कड्याखाली, पाण्यात उभं. ४३ मीटर उंच असून वरून बुद्धिबळातल्या प्याद्याएवढं. लाल-पांढरे पट्टे. मधे ते फिके पडले होते. जहाजांना आता पट्ट्यांची गरज नाही, म्हणून ते पुन्हा रंगवले जाणार नव्हते. लोकांनी वर्गणी काढून २०१३ मध्ये रंगवून घेतले. दादाने खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला. मी त्याच्या शेजारी बसले. बेल टूट माथ्यावर बांधलं, ते ढगात जायचं. म्हणून हे खाली पाण्यात बांधलं. सगळं एका नजरेत होतं.

ईस्टबर्नचा उतार शेवटचा आणि सगळ्यात वाईट. गवतावरून सरळ खाली. २२ किलोमीटर चाललेल्या गुडघ्यांना असा उतार नको असतो. दादा काठी पुढे रोवून, आडवे पाय टाकत आला. पायथ्याशी साउथ डाउन्स वेची पाटी आहे. ती वाट इथून विंचेस्टरपर्यंत १६० किलोमीटर जाते. तिथल्या बाकावर आम्ही बसलो. साडेसात वाजले होते, ऊन अजून होतंच.

दोन तरुण मुलं पाठीवर मोठ्या सॅक घेऊन तिथे आली. आम्ही उतरलो तिकडे चढणार होती. बेल टूटपलीकडे रात्रीच्या मुक्कामाची सोय केली होती म्हणे. एकाने विचारलं, वर पाणी आहे का. दादाने मान हलवली, स्वतःची बाटली उघडली आणि उरलेलं पाणी त्याच्या बाटलीत ओतलं. मग राहिलेली मिठासाखरेची पुडी माझ्याकडून मागून घेऊन दिली. मुलं आभार मानून निघाली, तेवढ्यात त्याने त्यांना थांबवलं. त्याचं इंग्रजी सावकाश आहे, शब्द शोधावे लागतात. शब्द न शोधता तो बाकावरून उठला, फुटपाथच्या कडेला समुद्र मानून पाय जुळवून उभा राहिला आणि काठी जमिनीवर आडवी टाकली. एक. उचलून पुढे टाकली. दोन. मुलं सॅक न उतरवता बघत होती. पाचव्या काठीला तो थांबला, टाचेने गवतावर रेघ ओढली, आणि त्या रेघेच्या आत येऊन उभं राहा म्हणून त्यांना हाताने बोलावलं.